हिरो मरूच शकत नाही, मग नाटकात टेन्शन कसं आणावं? सल्ला पाहिजे

धानाचा बांध: नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडचा. यंदा मंडईले, म्हंजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेले, गावच्या मंडळासाठी तीन अंकी नाटक लिहून रायलो. हिरो सोमा, त्याले लहानपनीच शाप आहे का तुले मरन नाही. साप डसला तरी उठते, वाघानं धरला तरी वापस येते. पहिला अंक तालमीत मस्त रंगला, पन दुसऱ्यात वाघाचा सीन आला अन् माझी आत्या खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटता घोटता म्हने, "त्याले काही होतच नाही तं मी कायले घाबरू?" खरं आहे तिचं. शाप काढता येत नाही, अख्खं नाटक त्याच्यावरच उभं आहे. कसं करू? काही वाचाले असन तं तेबी सांगा.

मोहफूल: दादा, महाभारतातलं सौप्तिकपर्व वाचा, छोटंच आहे. पाचही पांडव वाचतात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, तरी अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो तेव्हा धडधडतंच, कारण आत द्रौपदीची पाच मुलं झोपलेली असतात. आणि पुढे त्याला शाप मिळतो तो मरणाचा नाहीच, तीन हजार वर्षं एकट्यानं भटकायचं, बोलायलाही कोणी नाही. सोमाला मरण नसेल तर त्याच्या आजूबाजूच्यांना आहे ना, भीती तिथे ठेवा. आणि एक ठरवून टाका, त्याला दुखतं की नाही? माझ्या मते दुखायलाच पाहिजे.

पटाचा नाद: ताईशी सहमत. पावनखिंडीचा पोवाडा पहा, महाराज विशाळगडाले पोचतात हे सगळ्याले माहीत, तरी तोफ कधी वाजते म्हनून कान तिकडंच, कारन खिंडीत बाजीप्रभू उभा आहे.

जागली: भाऊ, हे सगळं बरोबर, पन स्टेजवर पाहनाऱ्याले डोळ्यानं दिसाले पाहिजे. वाघ काढून टाका, तार आना. आपल्याकडे डुकरांसाठी धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, तारात करंट सोडतात, गुन्हा आहे तरी सोडतात, अन् त्याच्यात मानसं गेले, आमच्या शिवारात एक मानूस गेलेला मी सोता पाह्यला, सकाळ झाली होती अन् त्याच्या बाजूले पडलेली टार्च अजून चालूच होती. ते मी विसरत नाही. तं असं करा, पहिल्याच अंकात सोमा सोताच्या हातानं तार बांधते, त्याले काय, त्याले करंट लागून होते काय. कोपऱ्यात मोटरची पेटी अन् तिच्यावर बल्ब, आपन लाइन आली का समजाले लावतो तसा, विझलेला. तिसऱ्या अंकात रातपाळीची लाइन यायची आहे, कधी येईन नेम नाही, अन् त्याची लहान बहीन डबा घेऊन अंधारात बांधाबांधानं येते, गानं म्हनत. तिले तार माहीत नाही, पब्लिकले माहीत आहे. सोमा शेताच्या दुसऱ्या टोकावर. मंग सोमाकडे कोनी पाहनारच नाही, सगळे बल्बाकडे पाहतीन.

पटाचा नाद: जबरदस्त! फक्त दुसऱ्या अंकात एकदा बल्ब पेटू द्या अन् एखादा कुत्रा तारेवर जाऊ द्या, आवाजच फक्त, दाखवू नका. नाहीतं तिसऱ्या अंकात बल्ब म्हंजे काय हे मांगच्या लोकायले समजनार नाही.

मोहफूल: आणि तार सोमानेच बांधली, हे मला सगळ्यात आवडलं. ते अजिबात बदलू नका.

धानाचा बांध: जागलीभाऊ, तुमचं वाचून दोन दिवस झोप लागली नाही. काल रातच्याले तिसऱ्या अंकाचा अर्धा लिहिला अन् आत्याले वाचून दाखवला. बहीन डबा घेऊन धुऱ्यापाशी आली, मी कागद पलटवाले थांबलो तं खर्रा तसाच हातात धरून आत्या म्हने, "लाइन आली का रे?" पुढचं मी लिहिलंच नव्हतं. आता अडलो ते इथं, बहीन वाचवू का नको? मंडळातले पोरं म्हनतात वाचव, मंडई आहे, लोक लेकराबाळायसंगं येतात. मले वाटते का नाही वाचली पाहिजे. तुमी सांगा, दिवाळीच्या आत कॉपी नक्कल करून द्यायची आहे.