एकट्या पोरावर सगळं ओझं नको

दादा, तुम्ही म्हणताय अमेरिकेच्या NBA बास्केटबॉल लीगमधल्या ट्रे जॉन्सननं पहिल्याच सीझनला (२०२५-२६) मॅचमागे २० पॉइंटची सरासरी दिली पाहिजे नाहीतर त्याच्या टीमचा, वॉशिंग्टन विझार्ड्सचा, सहावा पिक (नव्या खेळाडूंच्या निवडीतला सहावा नंबर) वाया गेला, हे मला अजिबात पटत नाही. अहो २०२४-२५ ला ती टीम १८ जिंकली अन् ६४ हरली, तिथं १९ वर्षांचं पोरगं येऊन काय काय करणार? टेक्सास विद्यापीठाकडून मॅचमागे १९.९ पॉइंट काढले हे खरंय पण कॉलेजला थ्रीची (तीन पॉइंटच्या शॉटची) लाइन जवळ असते, मॅच ४० मिनिटांची, इथं ४८, आणि समोर डिफेन्सला दहा-दहा वर्षं खेळलेली माणसं.

केड कनिंगहॅम आठवा की, २०२१ चा पहिला पिक, तरी त्याची टीम डेट्रॉइट पिस्टन्स त्याच्या तिसऱ्या सीझनला सलग २८ हरली, एकूण १४ जिंकले अन् ६८ हरले! पण त्याच्या हातातला बॉल काढून घेतला नाही, अन् पुढच्याच वर्षी ४४ जिंकले.

मी इथं सोलापुरात कॉलेजकडून जॉन्सनसारखा गार्डच (बॉल घेऊन पुढं जाणारा, लांबून शॉट मारणारा) खेळायचो, दोन शॉट हुकले की सर लगेच बाहेर बसवायचे, मग मी शॉट घ्यायचंच सोडलं, बॉल आला की पास. ती भीती लय वाईट असते, अजून आठवते.

मला जॉन्सनकडून एवढंच पाहिजे, ओपन मिळाला की न घाबरता मारायचा, डिफेन्सला उभं राहायचं आणि अनुभवी गार्डांचं फुटवर्क उचलायचं. पॉइंट १२ आले तरी चालतील. पहाटे साडेचारला उठून बघणारे आपण!