फॉरमॅट करण्याआधी कर्नलचा संदेश वाचा
लिनक्स अद्ययावत केल्यावर एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल-व्यवस्थेची) बाह्य डिस्क दिसते पण माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी उघडत नाही; यावर डिस्क फॉरमॅट करा असा सल्ला दिला गेला आहे, तो उपाय कृपया करू नका; त्यात सगळा डेटा जाईल, आणि दोष बहुधा डिस्कचा नसावा. २०२१ मधील ५.१५ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) अशा डिस्क हाताळणारा एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर आला असून, विंडोजमधून केबल घाईने काढल्यामुळे 'डर्टी' (नीट बंद न झालेले) अशी खूण राहिलेले विभाजन (पार्टिशन) तो लिहिण्यासाठी माउंट करण्यास नकार देतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेग (dmesg) या आज्ञेच्या शेवटच्या ओळींत 'डर्टी' (dirty) हा शब्द आढळला, तर डिस्क विंडोजला जोडून चेकडिस्क (chkdsk) हे डिस्क तपासणारे साधन चालवावे आणि ती रीतसर इजेक्ट करावी. ही खूण डावलून माउंट करायला लावणारा फोर्स हा पर्याय मला धोक्याचा वाटतो. निकड असल्यास केवळ वाचनासाठी माउंट करून आधी डेटाची प्रत काढावी.