मदत हवी आहे: मल्टीतील (बहुमजली इमारतीतील) रहिवासी जनगणनेला तयार होत नाहीत, सूचना कशी लिहावी? (इंदूर)

लोकमान्यनगरवासी:
आमच्या मल्टीच्या रहवासी संघाची मी सचिव आहे. सर्व कुटुंबांनी जनगणनेत सहभागी व्हावे यासाठी संघाने प्रयत्न करावेत, असे नगर निगमाच्या झोन कार्यालयाने कळवले आहे. कचरागाडीच्या भोंग्यावरून रोज आवाहन होते, पार्षद (नगरसेवक) येऊन गेले, फाटकावर फलकही लागला. तरीही अर्धी घरे "नंतर बघू" म्हणतात आणि काही जण मला जिन्यात पाहून दार लावून घेतात. रविवारी बैठक आहे, त्याआधी सूचना लावायची आहे. कृपया मसुदा सुचवावा. "राष्ट्रीय कर्तव्य" वगैरे नको, ते फलकावर आहेच.

रामबागेतला:
ताई, हे कोणत्या टप्प्याविषयी आहे? घरयादीचा टप्पा २०२६ मधला आहे आणि प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. शिवाय स्वगणनेची (स्वतःच ऑनलाइन माहिती भरण्याची) मुदत चालू आहे की प्रगणक घरी येऊ लागले आहेत, हे कळल्याशिवाय मसुदा कसा सुचवणार?

सुदामानगर_गच्ची:
सूचना कोणी वाचत नाही. आमच्याकडे दोन मुलांना लॅपटॉप देऊन तळमजल्यावर बसवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याची स्वगणना तिथेच भरून घेतली. आपणही तेच करावे.

हिशेबी:
गच्चीवाले भाऊ, दुसऱ्याच्या घरची माहिती शेजारच्या मुलांनी भरणे मला मुळीच पटत नाही. लोक आधीच मोबाइलवरच्या फसवणुकीला भ्यालेले आहेत. जनगणनेत आधार, पॅन किंवा बँक खात्याचा क्रमांक विचारला जात नाही, एवढे एक वाक्य ठळक अक्षरांत लावले तरी पुष्कळ काम होईल.

लोकमान्यनगरवासी:
घरयादीचाच टप्पा आहे. स्वगणनेचे पंधरा दिवस संपत आले आहेत, त्यानंतर प्रगणक येतील. फसवणुकीची भीती आमच्याकडे फारशी नाही. भाडेकरू माहिती द्यायला तयार आहेत. मालकच त्यांना "काही भरू नका" म्हणून सांगत आहेत.

रामबागेतला:
हे आपण पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते. मालक स्वतः राहत असेल तर आपल्याकडे संपत्तिकरात ५० टक्के सूट मिळते. भाडेकरू ठेवूनही ती सूट घेणारे हे लोक असावेत, दुसरे काय?

लोकमान्यनगरवासी:
उघडपणे कोणी बोलत नाही, पण कारण तेच आहे.

सुदामानगर_गच्ची:
मग त्यांना भरू द्या कर. बाकीच्यांनी सूट न घेता का भरावा?

निवृत्त_प्रगणक:
कराचा न्याय जनगणनेच्या दारात करू नये, कारण दोन्ही कामे बिघडतात. मी शिक्षक असताना २०१० ची घरयादी आणि २०११ ची मोजणी, दोन्ही केल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घरयादीत ३३ प्रश्न आहेत. त्यांत भिंती, छत, पिण्याचे पाणी, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, इंटरनेट, वाहन अशा गोष्टी येतात. घर मालकीचे की भाड्याचे, हा प्रश्न त्यात राहणाऱ्या कुटुंबाला विचारला जातो. कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाते, घरमालकाचे नाव विचारणारा प्रश्नच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार या नोंदी तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि त्या कोणत्याही दिवाणी कार्यवाहीत पुरावा म्हणून चालत नाहीत; फौजदारीतही याच कायद्याखालचा खटला तेवढा अपवाद आहे. उलट उत्तर द्यायला नकार दिला तर एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा मुद्दा मात्र मी सूचनेत शेवटी ठेवीन, कारण दंडाचे नाव आधी काढले की माणूस अडून बसतो.

हिशेबी:
काका, कायदा कागदावर ठीक आहे. २०१० मध्ये घरयादीबरोबर दुसराही एक अर्ज भरून घेतला होता, तो आमच्या घरी अजून सर्वांना आठवतो.

निवृत्त_प्रगणक:
तो राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा अर्ज होता. तो नागरिकत्वाच्या नियमांखाली येत होता, जनगणना अधिनियमाखाली नव्हे. आम्ही दोन्ही कागद एकाच फेरीत भरत असल्यामुळे लोकांचा घोटाळा झाला, हे खरे आहे.

माळव्यातला_मराठी:
सर्वांना नम्र विनंती आहे की मातृभाषा मराठीच नोंदवावी. २०११ मध्ये मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे बारा लाख होते. मुले घरात हिंदी बोलतात म्हणून आईवडीलही सरळ हिंदी सांगतात.

रामबागेतला:
विनंती योग्य आहे, परंतु हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात येतो. घरयादीत भाषा नाही. मुख्य धान्य कोणते खाता, हे मात्र आहे.

लोकमान्यनगरवासी:
काकांच्या उत्तरावरून असा मसुदा केला आहे: "घरयादीत आधार, पॅन वा बँक खात्याची माहिती विचारली जाणार नाही. घरमालकाचे नाव विचारणारा प्रश्न नाही. १९४८ च्या अधिनियमातील कलम १५ नुसार या नोंदी तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही. मालकांनी भाडेकरूंना माहिती देण्यापासून रोखू नये." एक प्रश्न राहिला: दोन फ्लॅट बंद आहेत, त्यांचे काय करायचे?

निवृत्त_प्रगणक:
बंद घरालाही क्रमांक मिळतो आणि ते रिकामे किंवा कुलूपबंद म्हणून नोंदले जाते; आपण प्रगणकाला फक्त खरी स्थिती सांगावी. आणखी एक सूचना करतो: मसुद्यातले शेवटचे वाक्य काढा. त्याऐवजी "जे कुटुंब ज्या घरात राहते त्यानेच उत्तर द्यावे" एवढे लिहा, म्हणजे कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होणार नाही. एकाच फ्लॅटमध्ये दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबे धरली जातात, हेही त्यात घालावे. भावाभावांच्या घरांत तिथेच वाद होतो.

लोकमान्यनगरवासी:
वाक्य बदलते. अडचण एवढीच आहे की आमच्याकडे सूचनेवर अध्यक्षांची सही लागते, आणि त्यांचेच दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत.

सुदामानगर_गच्ची:
म्हणूनच म्हणत होतो, लॅपटॉप घेऊन बसा.

हिशेबी:
झोन कार्यालयाकडून हाच मजकूर त्यांच्या पत्रावर मागून घ्या आणि तो फलकावर लावा. त्याला अध्यक्षांची सही लागणार नाही.