‘इरावती’ या नावाचा अर्थ आणि उगम

प्रश्न : पंचगंगाकाठ
आमच्या घरी कन्यारत्न झाले असून पुढच्या आठवड्यात बारसे आहे. नक्षत्र कृत्तिका असल्यामुळे गुरुजींनी अ, ई, उ, ए ही अक्षरे सांगितली आणि सासूबाईंनी ‘इरावती’ हे नाव सुचवले. मला ते मनापासून आवडले आहे. मात्र जाऊबाईंना ते जुन्या वळणाचे व लांबलचक वाटते, तर एका नातेवाइकांनी कालिदासाच्या नाटकातील मत्सरी राणीचे नाव मुलीला कशाला, असे विचारले. या नावाचा अर्थ व उगम काय आणि आज ते कितपत ठेवले जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : शब्दवेध
‘इरा’ म्हणजे पाणी, अन्न, तृप्त करणारे पेय; त्याने जी समृद्ध ती इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ‘इरावती धेनुमती हि भूतम्’ असे द्यावापृथिवीला, म्हणजे आकाश व पृथ्वीला, उद्देशून म्हटले आहे, म्हणजे तेथे ते कोणाचे नाव नसून अन्नाने व गाईंनी संपन्न असल्याचे विशेषण आहे. पुढे ते नदीला मिळाले. वेदातील परुष्णी म्हणजेच इरावती, असे यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात सांगितले आहे आणि आजची ‘रावी’ ही तीच नदी. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात ऐरावताच्या आईचे नावही इरावतीच आहे.

राहिला प्रश्न कालिदासाच्या त्या नाटकाचा, म्हणजे ‘मालविकाग्निमित्रा’चा. तिसऱ्या अंकात राजा अग्निमित्र बागेत मालविकेशी लगट करताना राणी इरावतीला सापडतो आणि ती कमरेची मेखला उगारून त्याच्यावर धावते. तिचा हा संताप मला तरी अकारण वाटत नाही. तेवढ्यावरून इतके जुने आणि अर्थपूर्ण नाव बाजूला सारू नये.

प्रतिसाद : सह्याद्रीवासी
मराठी वाचकाला या नावाने प्रथम आठवतात त्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला आणि तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला आल्या आणि पुढे ‘युगान्त’सारखा ग्रंथ त्यांनी मराठीला दिला. महाभारतातील माणसांकडे माणसे म्हणून पाहायला ज्या ग्रंथाने शिकवले, त्याच्या लेखिकेचे नाव आपल्या लेकीला मिळावे, यापेक्षा चांगले कारण मला सुचत नाही.

प्रतिसाद : अक्षरमैत्र
सध्या ‘इरा’ हे दोन अक्षरी नाव बऱ्याच ठिकाणी कानावर येते, पूर्ण ‘इरावती’ मात्र क्वचितच. त्यामुळे वर्गात एकाच नावाच्या तीन-चार मुली असण्याची शक्यता कमी. कागदोपत्री ‘इरावती’ आणि घरी ‘इरा’ असे ठेवल्यास जाऊबाईंची अडचणही दूर होईल. जन्मदाखल्यावर पहिले अक्षर ऱ्हस्व ‘इ’च लिहिले आहे, याची खात्री करून घ्यावी, आणि रोमन लिपीत व्ही की डब्ल्यू हेही त्याच वेळी ठरवावे, कारण शाळा, आधार व पारपत्र या सर्वांवर पुढे तेच रूप लागते. कर्वे यांच्या इंग्रजी ग्रंथांवर डब्ल्यू आहे.