अँड्रॉइड रेडिओ, ॲम्प आणि डॅशकॅम बसवल्यापासून बॅटरी उतरते, डॅशबोर्डवर दिवेही लागतात

राखाडी_सेडान

नमस्कार मंडळी. पेट्रोल सेडान आहे, 60 अँपिअर-अवरची बॅटरी, तिला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. मध्यंतरी एका फिटरकडून तीन गोष्टी एकदम बसवून घेतल्या. मूळ रेडिओच्या जागी नऊ इंची अँड्रॉइड रेडिओ, ड्रायव्हरच्या सीटखाली चार चॅनेलचा ॲम्प (स्पीकरचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर), आणि पुढचं-मागचं दोन्ही टिपणारा डॅशकॅम, पार्किंग मोडच्या, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवणाऱ्या, किटसकट.

रोज चालवली तर गाडी काही कुरकुर करत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी लावून ठेवली आणि रविवारी सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता टकटक करतो. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन चालू केली की मीटरचे काटे नाचतात, एबीएसचा दिवा, स्टीअरिंगचा दिवा, दोनदा तर एअरबॅगचाही लागला. बाकीचे विझतात, एबीएसचा कधी कधी तसाच राहतो.

बॅटरी पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट केली, ठणठणीत आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 14.2 व्होल्ट मिळतात. फिटरचं म्हणणं, रेडिओचा काही संबंध नाही, मोठी बॅटरी टाका.

आणखी दोन बारीक तक्रारी. इंजिन चालू असताना स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. आणि चावी काढली तरी रेडिओची स्क्रीन आपोआप बंद होत नाही, बटण दाबून बंद करावी लागते. अँड्रॉइड रेडिओचं असंच असतं म्हणे, तेव्हा ते सोडून द्या.

मला धास्ती एकच, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तर गेला नाही ना?

लांबचा_प्रवासी

डोळे मिटून डॅशकॅम. पार्किंग मोड रात्रभर बॅटरी खातो. किटच्या डबीवर कट-ऑफ व्होल्टेजचा, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेऱ्याने बंद व्हायचं ते ठरवणारा, छोटा स्विच असतो, तो बहुतेक 11.6 वर असणार. एक आठवडा कॅमेऱ्याचा प्लग काढून ठेवा, आपोआप कळेल.

तांब्याची_तार

डॅशकॅम खात असेलच, पण एकट्याच्या पोटात 60 ची बॅटरी दीड दिवसात जात नाही. आणि जी गोष्ट तुम्ही "सोडून द्या" म्हणालात, माझी नजर नेमकी तिथेच अडली. चावी काढल्यावर स्क्रीन बंद झालीच पाहिजे. अँड्रॉइड असो नाहीतर कॅसेटवाला. बटण दाबून तुम्ही फक्त स्क्रीन काळी करता. आतला रेडिओ डोक्यावर पांघरूण घेऊन जागाच आहे. आणि तो जागा असेल तर ॲम्पला "चालू हो" सांगणारी निळी-पांढरी वायरही जागी, म्हणजे सीटखाली ॲम्पसुद्धा रात्रभर चालू.

तरी माझ्या शब्दावर काहीही कापू-जोडू नका. आधी मोजा. मोजल्याशिवाय बॅटरी, रेडिओ, कॅमेरा काहीच बदलायचं नाही. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो, ती ऐकत नाहीत.

साधा मल्टिमीटर घ्या. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात घाला. बोनेट उघडा, ड्रायव्हरचं दार उघडून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटेल आणि तुम्हाला आत हात घालता येईल. बोनेटलाही स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. गाडी लॉक करा, चावी घरात लांब ठेवून या. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून टर्मिनल आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर लावा. आकडा सुरुवातीला काही अँपिअरवर उडी मारेल, घाबरू नका, वीज परत मिळाली की गाडीतले सगळे कंट्रोलर जागे होतात. त्यांना झोपायला वेळ द्या. काही गाड्या दहा मिनिटांत झोपतात, काहींना अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतरचा आकडा खरा. निरोगी गाडीत तो 0.05 अँपिअरच्या आत असतो.

मीटर मध्ये असताना इग्निशन ऑन करायचं नाही, सेल्फ तर मारायचाच नाही, मीटरचा फ्यूज जाईल. आणि काम झालं की लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात. अँपिअरच्या भोकात राहिलेल्या प्रोबने कोणी पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेला की सरळ शॉर्ट. मीटर दुरुस्तीला येतात त्यांतले बरेच याच कारणाने येतात.

दिव्यांचं म्हणाल तर ईसीयूची काळजी आत्ता नको. अर्धमेल्या बॅटरीवर सेल्फ मारला की व्होल्टेज नऊच्याही खाली बसतं. तेवढ्यात एबीएस, स्टीअरिंग सगळे आपापले कमी व्होल्टेजचे एरर कोड लिहून ठेवतात. बॅटरी सावरली की स्कॅनरने कोड पुसा. परत आले नाहीत तर विषय संपला.

एअरबॅगचा दिवा मात्र मी वेगळा धरतो. ॲम्प सीटखाली आहे म्हणालात. तिथेच साइड एअरबॅगचा आणि बेल्टचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, असतो, बहुधा पिवळा. ॲम्प सरकवताना तो ओढला गेला असू शकतो. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबा, आणि फक्त डोळ्यांनी बघा, कपलर पूर्ण बसलाय का. त्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. कपलर बसलेला असूनही दिवा परत लागला तर ते काम एअरबॅगचं जाणणाऱ्याचं.

बारा_व्होल्ट

वर सांगितलंय ते बरोबर. एक भर: 0.05 च्या वर आकडा आला तर एकेक फ्यूज उपसत बसू नका. फ्यूज काढून परत घातला की त्या सर्किटवरचा कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा सगळं झोपायची वाट बघावी लागते. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांवर प्रोब टेकवा. ज्यातून करंट जात नाही तो शून्य दाखवेल. 10 अँपिअरच्या मिनी फ्यूजवर 3 मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून साधारण 0.4 अँपिअर जातोय. या पद्धतीत बॅटरीही सोडवावी लागत नाही.

ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) ट्रॅकर किंवा ब्लूटूथ डोंगल खोचलेलं असेल तर आधी तेही काढा. त्या पोर्टच्या 16 नंबरच्या पिनवर बॅटरीचा पॉझिटिव्ह कायम असतो. शिवाय काही डोंगलं सतत प्रश्न विचारून गाडीला झोपूच देत नाहीत.

राखाडी_सेडान

ओबीडीत काही नाही. मोजलं. पाऊण तास वाट बघितली, त्यानंतर आकडे असे. सगळं जोडलेलं असताना 0.96. डॅशकॅमचा प्लग काढला, 0.74. ॲम्पवरून निळी-पांढरी वायर सोडवली, 0.41. रेडिओचा फ्यूज काढला, 0.03.

रेडिओ ट्रिमसकट बाहेर ओढून मागे मीटर लावला. गाडी लॉक, चावी घरात. पिवळ्या वायरवर 12.4 आणि लाल वायरवरही 12.4. फोटो टाकलाय. गाडीच्या कपलरमधून एकच जाड वायर येते, तिच्यावर पिवळी आणि लाल दोन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळलीय. हे असं का केलं असेल?

तांब्याची_तार

सापडलं. 0.96 गुणिले 38 तास धरा, 36 अँपिअर-अवर. 60 मधले 36 गेल्यावर सेल्फ टकटक करणार नाही तर काय करणार? मोठी बॅटरी टाकली असती तर रविवारऐवजी सोमवारी टकटकली असती.

का केलं तेही सांगतो. पिवळी म्हणजे कायमची वीज, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल म्हणजे चावीची, म्हणजे एसीसी. ती आली की रेडिओने उठायचं, गेली की झोपायचं. बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिओच्या कपलरमध्ये एसीसीची वायरच नसते. मूळ रेडिओला "चावी फिरली" हा निरोप कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी ज्यांवरून बोलतात त्या, दोन वायरींतून मिळतो. बाहेरच्या रेडिओला ती भाषा कळत नाही, त्यासाठी गाडीच्या मॉडेलला जुळणारी कॅन बसची डबी लागते. ती नसली आणि घाई असली की फिटर लाल वायर पिवळीला पिळतो. रेडिओ लागतो, गिऱ्हाईक खूश, गाडी बाहेर.

उपाय दोन. एक तर त्या डबीतून एसीसी घ्या. नाहीतर फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र वायर ओढा. जो फ्यूज चावीबरोबर मरतो तिथे फ्यूज टॅप लावायचा, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा, दोन फ्यूजचा आणि जादा वायर काढून देणारा जोड. फ्यूज निवडताना चावी काढून लगेच मोजू नका. काही सर्किट दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं जिवंत राहतात, आणि काही गाड्यांत 12 व्होल्टचं सॉकेट कायमच जिवंत असतं. लॉक करून पंधरा-वीस मिनिटांनी बघा. एअरबॅग, एबीएस, ईसीयू यांच्या फ्यूजवर टॅप अजिबात नको. टॅपची दिशाही बघा. मूळ फ्यूज काढल्यावर ज्या पायावर व्होल्टेज मिळतं तो सप्लायचा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो तो तिकडे यायला हवा. उलटा बसवला तर काम चालतं, पण नव्या वायरीचा करंटही मूळ फ्यूजमधून जातो.

लाल वायर पिळून टेप लावू नका. क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा) किंवा सोल्डर करून हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. टेपचा डिंक उन्हाने सुटतो आणि मग तोच जॉइंट ट्रिमच्या मागे कुठेतरी पत्र्याला टेकतो.

डॅशकॅमचा कट-ऑफ 12.2 वर घ्या, गाडी रोज चालत नसेल तर 12.4 वर. 11.6 पर्यंत थांबणारा कट-ऑफ बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्यावर जागा होतो. लांबचा प्रवासी म्हणाले ते त्या 0.22 पुरतं खरं आहे.

राखाडी_सेडान

एसीसी मागच्या वायपरच्या फ्यूजवरून घेतली, टॅपमध्ये 5 अँपिअरचा फ्यूज. आता चावी काढली की स्क्रीन स्वतः बंद होते. सगळं झोपल्यावर 0.04, डॅशकॅम पार्किंगमध्ये असेल तर 0.26. शुक्रवार ते सोमवार गाडी हलवली नाही, कॅमेऱ्याने मध्येच स्वतःला बंद करून घेतलं, सोमवारी सकाळी 12.3 व्होल्ट आणि सेल्फ एका झटक्यात. एबीएसचे कोड पुसले, परत आले नाहीत. पिवळा कपलर खरंच तिरका बसला होता. निगेटिव्ह काढलेलंच होतं, नीट दाबल्यावर टक असा आवाज आला. एअरबॅगचा दिवा नाही.

शिट्टी मात्र तशीच आहे.

बारा_व्होल्ट

ॲम्पमधून आरसीए (रेडिओकडून आवाजाचा सिग्नल आणणारी केबल) काढून तिथे कन्व्हर्टर केबलने मोबाइल जोडा, मोबाइल चार्जिंगला लावू नका. शिट्टी गेली तर रेडिओ आणि ॲम्प यांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे आणि तो आरसीएच्या जाळीतून वाहतोय.

राखाडी_सेडान

गेली. मोबाइलवर एकदम स्वच्छ.

तांब्याची_तार

मग ॲम्पची काळी वायर कुठे कसलीय ते बघा. माझा अंदाज सीटच्या रुळाचा बोल्ट. गाणं मोठ्याने लावा आणि ॲम्पच्या निगेटिव्ह स्क्रूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. 0.1 च्या वर असेल तर अर्थिंग कच्चं.

राखाडी_सेडान

0.43. आणि हो, सीटचाच बोल्ट. खाली रंग तसाच होता.

तांब्याची_तार

सीटचा बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळलेला असतो, अपघातात सीट त्याच्या जोरावर जागेवर राहते. त्याच्याखाली लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, सरकवायचा नसतो. लग काढा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने परत आवळा. बॉडीवर मूळ वायरिंगचा अर्थ पॉइंट जवळ मिळाला तर उत्तम. नाहीतर पत्र्यात स्वतंत्र बोल्ट, आधी खाली बघून, कारण त्या भागात ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात. रंग चकाकेपर्यंत खरवडा, लग कसा, वरून गंज न धरण्यासाठी रंग मारा. काळी वायर लाल वायरीइतकीच जाड हवी.

बारा_व्होल्ट

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी असेल, म्हणजे बॅटरी सेन्सर, तर काळी वायर थेट खांबावर नेऊ नका. त्या वायरीतला करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही, आणि गाडी बॅटरी जास्त भरलेली समजून कमी चार्ज करते. बॉडीवरच घ्या.

राखाडी_सेडान

मूळ अर्थ पॉइंट कार्पेटखाली सापडला. आता 0.05. शिट्टी गेली, ॲम्पचा गेन वर केला की थोडी सळसळ येते तेवढीच.

तांब्याची_तार

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, रेडिओचा सिग्नल ॲम्पशी जुळवायचा तो, खाली घ्या, सळसळही जाईल. आता ॲम्पची लाल वायर बघा. बॅटरीपासून साधारण 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे का, आणि बोनेटकडून केबिनमध्ये येते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेवर घासू नये म्हणून बसवायचं कडं) आहे का?

राखाडी_सेडान

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे, 40 अँपिअरचा. ग्रोमेट नाही. वायर पत्र्याच्या कडेवर टेकलीय आणि तिथे इन्सुलेशनवर चीर पडलीय, तांबं अजून दिसत नाही.

तांब्याची_तार

तो 40 चा फ्यूज आत्ता काढून ठेवा आणि ॲम्पशिवाय गाडी चालवा. चिरलेला तुकडा टेपने झाकायचा नाही, वायर बदला, ग्रोमेटमधून ओढा आणि वरून नालीदार नळी चढवा. भोकाजवळचा फोटो टाका, ब्रेक बूस्टरच्या शेजारचंच असेल तर जागाही बदलावी लागेल.