घरासमोरच्या खळ्यात (अंगणात) आखीव बाग करायचीय, सल्ला हवाय

मालवणजवळ गावचं घर आहे, जांभ्या चिऱ्याचं, समोर साधारण ३० बाय २० फुटांचं खळं. मधोमध तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना सारखे चौकोनी वाफे, कडेला कापलेली बुटकी हेज आणि बाकी पेव्हर ब्लॉक असं डोक्यात आहे. फोटोत दिसतं ते बॉक्सवूड चालेल का? आम्ही पुण्यात, घरी आई एकटीच असते.

चिरेबंदी: बॉक्सवूड विसरा, आपल्या दमट हवेत बुरशीने जातं. तशीच हेज हवी तर कुंती लावा, दीड-दीड फुटावर, कातरली की छान दाट होते आणि फुलांना वासही मस्त. फक्त परसात लिंबू असेल तर लांब ठेवा, एकाच कुळातली आहेत, सिट्रस सिला ही कीड दोघांवर पडते. खाली कातळ लागला तर चर खोदून माती-शेणखत भरावं लागेल, आणि त्या चरातून पाण्याला वाट ठेवा नाहीतर पावसात मुळं कुजतात.

परसातली: अहो पण कातरणार कोण? पावसात कुंती किती फोफावते माहितीय ना, आईंच्या हातात कात्री देणार का? त्यापेक्षा अबोली लावा, बुटकीच राहते आणि वेणीलाही होते. मागे दोन टोकांना दोन अनंत. सोनचाफा पायरीजवळ नको, मोठा वृक्ष होतो तो. आणि पेव्हरवर शेवाळ धरतं हो, आमच्याकडे दोनदा माणसं घसरलीत.

खळेकरी: खळ्यात वाफे केलास तर सोलां (आमसुलं) नि कुळीथ खंय सुकवतलास? 😄 खरंच सांगतो, खळं मोकळंच बरं. पाऊस गेला की चोपून शेणाने सारवायचं, आणि तुळशीच्या लग्नाला माणसं उभी राहायला जागा नको का? झाडं सगळी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने लावा. वृंदावन खळ्याच्या मध्यावर नाही, दाराच्या समोर येऊ दे, घरात बसून तुळस दिसली पाहिजे. आमचं दार डावीकडे आहे म्हणून तुळसही डावीकडे, कोणाला खटकत नाही. खळ्याला दहा फुटाला दीड इंच उतार द्या, वृंदावनाला खाली भोक ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता: आईला वाचून दाखवलं, ती म्हणे मी हेच सांगत होते 🙈 पेव्हर कॅन्सल, वाफेही कॅन्सल. गडग्याला लागून अबोली, कोपऱ्यात अनंत. पण आमचंही दार मध्यावर नाहीये, चार फूट उजवीकडे आहे, आणि जुनं वृंदावन मध्यावर. ते हलवायचं की राहू द्यायचं?

खळेकरी: जुनं असेल तर हात लावू नकोस रे.