बी विंग नॉनव्हेज कट्टा, भुसावळ : रविवारचे चॉप आणि मिठाचं पाणी

जोसेफ काका: मंडळी रविवारच्या भरीत पार्टीला वांगी सुनंदा वहिनी बामणोदहून आणून राहिल्या, नॉनव्हेजचं माझ्याकडे लागलंय. पुतण्या नाशिकहून पोर्क चॉप घेऊन येतोय उद्या, फ्रोजन, दोन किलोच्या आसपास, चांगले जाड. आता ऐका, लिलीने मिशिगनहून पाठवलंय की तिकडे ॲपल सायडरमधे मीठ घालून रात्रभर भिजवतात आणि मग भाजतात, एकदम ज्युसी होतं म्हणे. माझ्याकडे ॲपल सायडर व्हिनेगरची अर्धी बाटली पडली आहे, हिने वजन कमी करायला आणली होती. तीच ओतू का

पप्पू २०४: ओता काका, वजन पण कमी होईल सगळ्यांचं

मंगेश: काका थांबा!! व्हिनेगर नका ओतू. लिली म्हणते ते वेगळं, ते नुसतं दाबून काढलेलं सफरचंदाचं पाणी, न गाळलेलं, गढूळ तपकिरी. मिशिगनला सफरचंद भरपूर होतं, सप्टेंबर ऑक्टोबरमधे गिरण्यांवर ताजं काढून कॅनमधे भरून विकतात. तुमची बाटली म्हणजे ॲसिड. त्यात रात्रभर ठेवलं तर वरचा थर पांढरट, भुसभुशीत होईल आणि आत काहीच पोचणार नाही. भाजल्यावर खडूसारखं लागतं

जोसेफ काका: मग इंग्लंडचं सायडर? ते बाटलीत मिळतं

मंगेश: ते दारू काका. चालतं तसं, पण गरज नाही, आणि शकीलभाईंचं चिकन पण त्याच पद्धतीने करायचं असेल तर दारू नकोच त्यात

शकीलभाई: शुक्रिया मंगेश भाऊ. चिकन मी माझ्या दुकानातून आणतो. फक्त जाळी, चिमटा, भांडं वेगळं ठेवा एवढं बघा

मंगेश: ते ठरलंच, शेगडीच वेगळी लावू. गच्चीच्या तुमच्या टोकाला तुम्ही, पाण्याच्या टाकीकडे आम्ही

नाना (धुळेवाले): हाई काय नवीन खूळ शे भाऊ? मीठना पानीमा मटन भिजाडानं? आमना येळे काया मसाला, खोबरं, लसन, झाकनवर पानी ठेई दे, व्हई गयं

पप्पू २०४: नाना बरोबर बोलून राहिले. खान्देशात येऊन सफरचंदाचं मटण. उद्या शेवभाजीत ऑलिव्ह टाकतील

मंगेश: नाना तुमचं शंभर टक्के खरं आणि तुमच्या रश्श्याला हे काहीच लागत नाही. रश्श्यात मटण पाण्यातच असतं, तास दीड तास शिजतं, चरबी आणि नसा विरघळतात, ते कोरडं पडायचा प्रश्नच नाही. पण हे चॉप पाठीच्या सरळ भागाचे, चरबी फक्त कडेला, आत सगळं कोरडं मांस. जाळीवर टाकलं आणि पाच मिनिटं इकडेतिकडे झाली की लाकूड. मिठाचं पाणी अशा मांसासाठी. पोटाकडचा चरबीवाला भाग असता तर मी पण म्हटलं असतं नानांचा काळा मसाला लावा आणि गप बसा

नाना (धुळेवाले): मंग पानी मटनमा जास का खरंच? का नुसतं वरवर?

मंगेश: जातं नाना. जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, होतो तेव्हा आम्ही भिजवायच्या आधी आणि नंतर वजन करायचो, दहा टक्क्यांपर्यंत वाढलेलं भरायचं. मीठ मांसाच्या धाग्यातल्या प्रोटीनला सैल करतं, ते फुगतं आणि पाणी धरून बसतं, मग आगीवर आकसताना जेवढं पिळून बाहेर निघालं असतं तेवढं निघत नाही. नुसत्या पाण्यात भिजवलं तर हे होत नाही, नुसत्या सफरचंदाच्या रसात पण नाही. काम मीठ करतं. लोकं नाव सायडरचं घेतात, ज्युसी मिठाने होतं. लवंग, दालचिनी, सफरचंद हे सगळं फार तर वरच्या एकदोन मिलीमीटरमधे राहतं, खोल एकटं मीठच जातं. म्हणून सायडर मिळालं नाही तर रडायचं नाही, मीठ मोजायला विसरलात तर मात्र रडायची वेळ

सुनंदा वहिनी: मीठ मोजायचं म्हणजे किती चमचे सांगा ना सरळ

मंगेश: वहिनी चमच्याने नाही, वजनाने. बारीक मीठ चमच्यात जास्त बसतं, खडं मीठ कमी, सैंधवाचं आणखी वेगळं. किती पातळ पदार्थ आहे त्याच्या पाच टक्के. दोन लिटर असेल तर १०० ग्रॅम. यात रस पण धरायचा, पाणी पण, बर्फ पण. आणि भाजताना वरून परत मीठ टाकायचं नाही, मसाल्यात मीठ असेल तर तो मसाला पण नाही

पप्पू २०४: १०० ग्रॅम?? बीपी चेक करून यावं लागेल

डॉ. रेखाताई: पप्पू ते सगळं मीठ मांसात जात नाही, बहुतेक पाण्याबरोबर मोरीत जातं. तरी ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी एकच चॉप घ्यावा, तुम्हाला माहितीये मी कोणाबद्दल बोलतेय

जोसेफ काका: कळलं कळलं

मंगेश: बरं कृती लिहितो, काका सेव्ह करून ठेवा. सफरचंद पावणेतीन किलो, किलोला अर्धा लिटरच्या आसपास रस निघतो, मिक्सरला फिरवून मलमलच्या फडक्यातून पिळायचा. पाकिटातला ज्यूस घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा वरून साखर असते आणि जाळीवर ती आधी जळते. आपल्याकडचं लाल सफरचंद नुसतं गोड असतं, तिकडच्या रसाला आंबटपणा असतो, म्हणून दोन लिंबं पिळा, रस काळा पण पडणार नाही. एक लिटर रस फ्रीजमधे गार करत ठेवा. मग ४०० मिली पाण्यात १०० ग्रॅम मीठ, चमचाभर मिरे ठेचून, तेजपत्ता, दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा, लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, आलं, आणि गुळाचा लिंबाएवढा खडा, उकळी आणून मीठ विरघळलं की गॅस बंद. लवंग जास्त टाकू नका दाताच्या दवाखान्यासारखा वास येतो. त्यात ६०० ग्रॅम बर्फ टाकायचा, तो वितळून पाणीच होणार म्हणून ते वजनात धरलंय. शेवटी गार रस. हात लावून एकदम थंडगार लागलं पाहिजे, मगच मांस आत. कोमट पाण्यात मांस टाकणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. भांडं स्टीलचं नाहीतर काचेचं, ॲल्युमिनियम आणि पितळ नको, मीठ आणि आंबट दोन्ही त्याला खातं

जोसेफ काका: झिप बॅग चालेल का, फ्रीजमधे पातेलं बसणार नाही, हिचं लोणचं आहे

मंगेश: बॅग उत्तम. कमी पाण्यात भागतं, फक्त मीठ त्याच हिशोबात कमी करा. बॅग खालच्या कप्प्यात ताटात ठेवा, फुटली तर लोणच्यावर नको

पप्पू २०४: फ्रीज कशाला पाहिजे, रात्री काय गारठा आहे, हिटर लावून झोपून राहिलो. गॅलरीत ठेवा बादलीत

मंगेश: नाही भाऊ. भुसावळचा गारठा आपल्याला गारठा वाटतो, मांसाला तो उन्हाळाच. १० डिग्री आली तरी १० म्हणजे फ्रीज नाही, पाच डिग्रीच्या खाली पाहिजे आणि तेवढं आपल्याकडे रात्रभर कधी टिकतं. आणि गॅलरीत मांजर पण आहे

सुनंदा वहिनी: ३०१ ची मांजर. तिने माझं पनीर नेलंय

पप्पू २०४: एक मिनिट एक मिनिट. आत्ताच मेसेज आला, शनिवारी सकाळी ९ ते ४ लाईट नाही आपल्या फीडरला, झाडं कापायचं काम आहे

जोसेफ काका: झालं. मी शुक्रवारी रात्रीच भिजवणार होतो. रद्द करू का, नुसतं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ

मंगेश: रद्द कशाला. शुक्रवारी काहीच करायचं नाही. चॉप फ्रीजरमधेच राहू द्या, शनिवारी फ्रीजरचं दार दिवसभर उघडायचं नाही. भरलेला फ्रीजर न उघडता दोन दिवस गोठलेला राहतो, अर्धा भरलेला दिवसभर, त्यामुळे सात तासाला काही होत नाही. खालच्या फ्रीजचं तसं नाही, तिथे चार तासाच्या वर भरवसा धरू नका. सकाळी लाईट जायच्या आधी रस काढून घ्या वहिनी, मिक्सर चालणार नाही नंतर, आणि तो रस बर्फाच्या डब्यात ठेवा. ४ ला लाईट आली की चॉप बंद पिशवीत थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवायचे, पाणी दर अर्ध्या तासाला बदलायचं, सुटे असतील तर दीडदोन तासात मोकळे होतात. गरम पाणी नाही!! रात्री ९-१० ला मिठाच्या पाण्यात, रविवारी सकाळी ६ ला बाहेर. आठ तास या जाडीला भरपूर झाले. उगाच जास्त वेळ ठेवू नका, मग हॅमसारखं खारट आणि रबरी होतं

शकीलभाई: चिकनला किती वेळ

मंगेश: तंगड्यांना चार तास, छातीच्या तुकड्यांना दीड दोन तास बस. तुम्ही रविवारी सकाळी उठून टाकलं तरी होतं

डॉ. रेखाताई: माझं एक ऐका आता. पोर्क आहे तर नीट शिजलं पाहिजे. मीठ, लिंबू, व्हिनेगर यातल्या कशानेही टेपवर्मचे सिस्ट, म्हणजे मांसातल्या त्या जंताच्या अळीच्या गाठी, मरतात असं समजू नका, भरवसा नीट शिजवण्याचाच. मधे गुलाबी चालणार नाही

पप्पू २०४: ताई तो मेंदूत जाणारा किडा तोच ना? मग मी वांगंच खातो

डॉ. रेखाताई: पप्पू मेंदूतला आजार अंड्यांनी होतो, आणि अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात, म्हणजे घाण पाणी, न धुतलेला कोथिंबीर मुळा गाजर. कच्चं पोर्क खाल्लं तर पोटात जंत होतो. तेव्हा पोर्क न खाणाऱ्यालाही मेंदूचा होतो, मी शुद्ध शाकाहारी पेशंटमधे पाहिलाय. तू वांग्याबरोबर कच्चा कांदा आणि पात खाशील ती आधी नीट धू

पप्पू २०४: विचारलंच नाही पाहिजे होतं

मंगेश: ताईंचं बरोबर. अमेरिकेत कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अख्ख्या कटसाठी आतलं तापमान ७१ डिग्रीवरून ६३ वर आणलं, वर तीन मिनिटं ठेवायचं. तिकडची डुकरं बंद फार्ममधली, तपासलेली, म्हणून लिलीचे चॉप मधे गुलाबी असतात. आपण ७१ च्या खाली काढायचं नाही. आणि हेच तर कारण आहे मिठाच्या पाण्याचं, ६३ ला काढलेला चॉप तसाही ओला असतो, ७१ ला नेला की कोरडा पडायला लागतो, म्हणजे लिलीपेक्षा त्याची गरज आपल्याला जास्त. माझ्याकडे टोचायचा थर्मामीटर आहे. हाडाला टेकवायचा नाही, जाड भागाच्या मधोमध

नाना (धुळेवाले): आते कसं समजनं. बरं, जाळ कसाना?

मंगेश: नाना जाळाचं तुम्हीच बघा. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजणार ना, तो जाळ चॉपला नको, त्यात रसाची साखर आहे, मिनिटात काळं कोळसा आणि आत कच्चं. वांगी होऊ द्या, निखारे एका बाजूला ओढा. चॉप फडक्याने खडखडीत कोरडे करून आणेन मी, सकाळी ६ ते ११ फ्रीजमधे उघडेच ठेवायचे जाळीवर, वरून सुकले की रंग चांगला येतो. ओला चॉप भाजत नाही, उकडतो. आधी निखाऱ्यावर दोन्हीकडून रंग आणायचा, मग निखारा नाही त्या बाजूला सरकवून वर पातेलं झाकायचं. काढल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही

नाना (धुळेवाले): झाकन तं शेच मग. मी तेच म्हनी ऱ्हायनू

जोसेफ काका: आणि सफरचंदाची चव कुठे लागणार मग, आत तर जात नाही म्हणालास

मंगेश: वरून लावायची. रस काढाल तेव्हा ३०० मिली बाजूला ठेवा, भिजवायच्या पाण्यातलं नाही, ते पाणी कच्च्या मांसाचं, ओतूनच द्यायचं, त्याची ग्रेव्ही बिव्ही करायची नाही. बाजूला ठेवलेला रस, थोडा गूळ, किसलेलं आलं, मिरे, आणि काका तुमच्या त्या बाटलीतले दोन चमचे, एवढं आटवून तिसऱ्या हिश्श्यावर आणायचं, चमच्याला धरेल इतपत. शेवटच्या दोन मिनिटात ब्रशने लावायचं, आधी लावलं तर जळेल. मला विचाराल तर त्यात थोडा नानांचा काळा मसाला पण टाकू, मिठाशिवायचा असेल तर

नाना (धुळेवाले): घरना शे. मीठ नही त्यामा

सुनंदा वहिनी: पहिल्या मजल्यावरच्यांना वास जाईल, सेक्रेटरींना सांगितलंय मी गच्ची १० ते ३, भरीत सगळ्यांना वाटणार आहे असं पण सांगितलं. हे मेन ग्रुपवर कोणी टाकू नका, मागे अंड्यावरून तीन दिवस चाललं होतं

पप्पू २०४: हाओ. बर्फ मी आणतो, शनिवारी ४ नंतर. किती

मंगेश: चार किलो आण, चांगल्या पाण्याचा, थोडा चिकनला थोडा डब्यात. वजनकाटा कोणाकडे आहे किचनचा

सुनंदा वहिनी: माझ्याकडे आहे पण रविवारी संध्याकाळपर्यंत परत पाहिजे. दिवाळीत नेलेला माझा खलबत्ता अजून आला नाहीये, कोणाकडे आहे त्यांनी स्वतःहून सांगा

पप्पू २०४: वहिनी जोसेफ काका टायपिंग करून राहिले